वीस डॉलरचा वाद आणि बारा ज्युरर

कॅलिफोर्नियात, बे एरियातल्या आमच्या मराठी ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय: ‘अमेरिकेत २० डॉलरच्या वादालाही बारा सामान्य नागरिक ज्युरी म्हणून निकाल द्यायला बसतात. आता छोट्या दिवाणी खटल्यांतून ज्युरी काढायचं घाटतंय. गरिबाचा हक्क गेला, पैसेवाल्याचं फावलं!’ तीन जणांनी मला तो वेगवेगळा पाठवला, म्हणून एकदाच लिहितो.

आधी ते २० डॉलर. १७९१च्या सातव्या घटनादुरुस्तीत हा आकडा आहे, खरं. पण ती दुरुस्ती फक्त फेडरल, म्हणजे केंद्राच्या, न्यायालयांपुरती. राज्यांच्या न्यायालयांना ती बांधत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१६ मध्येच सांगून टाकलंय. आणि दोन वेगळ्या राज्यांतल्या माणसांचा साधा देण्याघेण्याचा वाद फेडरल न्यायालयात न्यायचा तर रक्कम ७५,००० डॉलरच्या वर लागते. २० डॉलरवाला तिथे पायरीही चढू शकत नाही. ‘बारा’चंही तेच. दिवाणी खटल्यात सहा जणांची ज्युरी चालते, यावर १९७३ मध्ये शिक्कामोर्तब झालंय.

‘आता घाटतंय’ म्हणे! कॅलिफोर्नियाच्या स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे व्यक्तीसाठी १२,५०० डॉलरपर्यंतच्या दाव्यांत, ज्युरी नसतेच. वकीलही उभा राहू शकत नाही. मी स्वतः गेलोय. घर सोडल्यावर मालकाने गालिच्यावरच्या डागाचं कारण सांगून १,८०० डॉलर डिपॉझिट अडकवलं होतं. ५० डॉलर फी भरली, राहायला आलो त्या दिवशी काढलेले त्याच डागाचे फोटो छापून नेले. न्यायाधीशबाईंनी फोटोवरची तारीख बघितली, मालकाला विचारलं, ‘२१ दिवसांत हिशेब पाठवला होता का?’ तो गप्प. वीस मिनिटांत संपलं. मोठ्या कोर्टात ज्युरी मागायची तर नुसती तिची फीच १५० डॉलर, वर वकील, वर ज्युरर निवडण्यात जाणारा वेळ. १,८०० डॉलरसाठी हे कोण करेल? मालकाला मात्र ते परवडलं असतं.

इथेच फॉरवर्डचा मुख्य मुद्दा उलटा पडतो. ज्युरी नेमकी मागतं कोण? कॅनडातल्या ऑन्टारिओकडे बघा. तिथे मोटार अपघाताच्या दाव्यांत ‘ज्युरी हवी’ अशी नोटीस बहुतेक वेळा विमा कंपनीच्या बाजूचे वकील देतात. कारण सरळ आहे. वेदना आणि त्रासाच्या भरपाईतून, रक्कम फार मोठी नसेल तर, कायद्यानेच एक ठरावीक वजावट होते. २०१८ मध्ये ती जवळपास ३८,००० कॅनेडियन डॉलर होती. आणि हे ज्युरीला सांगितलं जात नाही! बिचारे ज्युरर मन मोठं करून ३५,००० देतात, समाधानाने घरी जातात, आणि जखमी माणसाच्या हातात त्यातला छदामही पडत नाही. गरिबाची ढाल म्हणतात ती हीच का?

१ जानेवारी २०२० पासून ऑन्टारिओने २ लाख डॉलरपर्यंतच्या साध्या दाव्यांतून ज्युरी काढली आणि सुनावणीला पाच दिवसांची मर्यादा घातली. पण बदनामी, खोटा खटला भरणं, बेकायदा डांबून ठेवणं अशा दाव्यांत ती ठेवली. मला हे पटतं. पोलिसांनी विनाकारण कोठडीत टाकलेल्या माणसाचा दावा पाच हजारांचा असला, तरी तो ‘छोटा’ नाही. तिथे सरकारच्या पगारावर नसलेली माणसं बसायलाच हवीत. नुसत्या आकड्यावर रेघ मारायची म्हटली, तर विरोध करायला मीही येईन.

फॉरवर्डमधल्या ‘ज्युरी गेली की लोकशाही गेली’ या वाक्यावर फार वेळ घालवत नाही. जिथून ही पद्धत अमेरिकेत आली त्या इंग्लंडने १९३३ मध्येच बहुतेक दिवाणी खटल्यांतला ज्युरीचा हक्क संपवला.

फॉरवर्डच्या शेवटी ‘भारताने नानावटी खटल्यानंतर ज्युरी गमावली’ असंही आहे. तो खटला खुनाचा, फौजदारी. इथे त्याचा संबंध नाही. उलट दिवाणी ज्युरीसारखं काही बघायचं असेल तर मुंबईतच आहे. पारशी विवाह कायद्याखालच्या घटस्फोटाच्या दाव्यांत न्यायाधीशासोबत समाजातले पाच डेलिगेट, म्हणजे प्रतिनिधी, बसतात आणि वस्तुस्थितीबद्दलचा निर्णय त्यांच्या बहुमताने होतो. तिथले पक्षकार या पद्धतीवर खूश आहेत का, ते फॉरवर्ड करण्याआधी एखाद्या पारशी मित्राला विचारा.