हा दुधी खायचा नाही

आमच्या घरात दुधी कोणालाच आवडत नाही. ताटात दुधी दिसला की मुलाची भूक मरते. बायको ‘पचायला हलका’ म्हणून करते आणि स्वतः लोणच्याशी पोळी खाते. पण परसातल्या मांडवावरचा एक दुधी मी बियाला ठेवला, देठाला लाल चिंधी बांधली, आणि साऱ्या घराला दुधीचे डोहाळे लागले. हलवा काय, कोफ्ते काय! मांडवावर बाकीचे दुधी लोंबत असताना सगळ्यांचा डोळा चिंधीवाल्यावर.

तसा तो होताच देखणा. बियाला वेलावरचं उत्तम फळ ठेवायचं, किडकं-वाकडं आपण खायचं, हा आईचा नियम. बायकोला तो साफ नामंजूर. मी अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचा दाखला दिला, गावरान बियाणं जपलं म्हणून त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली म्हणून सांगितलं. ती म्हणाली, “मग तुला मिळाली की करू हलवा.”

या दुधीच्या जन्माआधीपासून मी खपतोय. शेजाऱ्यांच्या कुंपणावर गोल दुधीचा वेल आहे, आमचा लांबट. एरवी मी आंतरजातीय विवाहाचा खंदा पुरस्कर्ता. पण बियाण्याचा प्रश्न आला की माझ्यातला सनातनी जागा होतो. दुधीची फुलं उमलतात संध्याकाळी. म्हणून दुपारीच मादीकळीचं तोंड दोऱ्याने बांधायचं, नराच्या कळीचंही, आणि तिन्हीसांजेला बॅटरी घेऊन दोघांची गाठ घालून द्यायची. मग पुन्हा दोरा, म्हणजे रात्री एखादा पतंग शेजारचे पराग घेऊन टपकायला नको. हे चालू असताना शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, “काही हरवलंय का भाऊ?” काय सांगणार? ‘लग्न लावतोय’ म्हटलं असतं तर त्यांनी बायकोला हाक मारली असती.

खरी परीक्षा पुढेच. बियाचा दुधी वेलावरच जून व्हावा लागतो. साल नखाला दाद देईनाशी झाली पाहिजे, हलवला की आत बिया खुळखुळल्या पाहिजेत. तोवर रस्त्याने जाणारा प्रत्येक जण कुंपणावरून ओरडणार, “अहो, दुधी जून होतोय, काढा की!” सुरुवातीला मी सविस्तर उत्तर देत असे. मग पाटीच लावली : ‘दुधी मुद्दाम जून करत आहोत.’ आता लोक थांबतात, पाटी पूर्ण वाचतात आणि सांगतात, “दुधी जून होतोय.”

बाकीच्या बियांचे हाल तर विचारूच नका. टोमॅटोच्या बियांवरचं बुळबुळीत आवरण सुटावं म्हणून गर दोन-तीन दिवस आंबवतात. वर पांढरी साय धरते, वास दरवळतो आणि घरातली माणसं आपल्याशी बोलेनाशी होतात. (पाकिटातल्या संकरित टोमॅटोचं बी मात्र धरू नये, पुढच्या पिढीत काय निघेल त्याचा नेम नसतो.) वांगी आणि मिरचीच्या बिया तर इतक्या सारख्या, की पुडीवर नाव टाकलं नाही तर रोपं डोकं वर काढेपर्यंत नुसते तर्क. नावं मी टाकली होती. पुड्यांवरची नावं वाचून आईने त्या रिकाम्या केल्या, राख आणि कडुलिंबाचा पाला घातलेल्या बरणीत बिया एकत्र ठेवल्या आणि म्हणाली, “आता कीड लागायची नाही.”

शेवटी दुधी फोडला. बियांनी सूप भरलं. एवढं दुधीचं बी करायचं काय? जून होतोय म्हणणाऱ्यांना बोलावून बोलावून पुड्या देऊ लागलो. एकानेही घेतली नाही. त्यांच्या घरीही दुधी कोणाला आवडत नाही.

बायकोने सुचवलं, पुढच्या खेपेला कारलं ठेव, त्यावर कोणाचा डोळा जाणार नाही. पटलं. कारलं पिकून केशरी झालं, आपण होऊन उकललं, आतल्या लालभडक बिया दिसू लागल्या. उद्या काढू म्हटलं. सकाळी बुलबुलाचं जोडपं मांडवावर पंगतीला बसलेलं, शेजारी माझी पाटी तशीच.