गातो कोण?

माद्रिदहून तोलेदो जेमतेम ७० किलोमीटर. "तासाभरात पोचू, जेवण तिथंच," असं बायकोला छातीठोकपणे सांगून निघालो आणि अर्ध्या वाटेत मागचं टायर बसलं. डिकीत स्टेपनी निघाली, पाना निघाला, जॅक गायब. भाड्याची गाडी! आधीच्या गिऱ्हाइकानं आठवण म्हणून नेला असावा.

तसा मी महिनाभर मोबाईलवर स्पॅनिश शिकत होतो. 'गातो' म्हणजे मांजर, हा शब्द पहिल्याच दिवशी पाठ. आमच्या गच्चीवरचे बोके रात्री दोन वाजता जे करतात, ते ऐकलेल्याला तो वेगळा शिकवावा लागत नाही.

तेवढ्यात एक टोपीवाले आजोबा गाडी थांबवून उतरले. चाकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तिएने गातो?"

मांजर आहे का? भर उन्हात, पंक्चर झालेल्या माणसाला? पण परमुलुखात नम्रपणा बरा. म्हटलं, "नो. मी मुहेर नो किएरे." नाही हो, बायकोला नको असतं.

आजोबांनी बायकोकडे असं काही पाहिलं की बस्स. मग छातीवर हात ठेवून, आपल्याकडे गातो आहे, असं सांगत ते डिकी उघडायला गेले.

"अहो, डिकीत कोंडलंय? जिवंत असेल ना ते?" बायको.

डिकीतून जॅक निघाला. त्यालाही गातोच म्हणतात!

चाक बदलताना आजोबा खुलले. पुढचं संभाषण मोबाईलच्या भाषांतरावर. "सोय गातो," ते म्हणाले. पडद्यावर उमटलं: 'मी मांजर आहे.' मी जॅकचा दांडा जरा घट्ट धरला. मग उलगडा झाला. १०८५ च्या सुमारास सहाव्या अल्फोन्सोनं माद्रिद घेतलं, तेव्हा म्हणे एक शिपाई मांजरासारखा तटावर चढला. तेव्हापासून अस्सल माद्रिदकर म्हणजे गातो. नुसतं तिथं जन्मून भागत नाही, आईबाप आणि आजीआजोबाही तिथलेच हवेत. हे मला एका झटक्यात कळलं. आमचं आजोळ सदाशिव पेठेत आहे.

"या रस्त्यानं चार मांजरं जातात," पुढचं भाषांतर. मी मोजायला लागलो. आजोबा एक, जॅक दोन, आम्ही नवराबायको धरून चार, हिशेब तर बरोबर! त्यांना म्हणायचं होतं, इथं चिटपाखरू फिरकत नाही.

निघताना त्यांनी काळजीनं बजावलं. मोबाईलनं दाखवलं: 'तोलेदोत जपून जेवा. सशाच्या नावाखाली गातो वाढतात.' म्हणजे फसवतात, एवढंच. पण यंत्रानं या खेपेला 'गातो' तसाच ठेवला होता. मांजर, जॅक की माद्रिदकर, हे विचारीपर्यंत आजोबांची गाडी वळणाआड गेली होती.

बायकोनं एक शब्द न बोलता पिशवीतून तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या.