आई, हा पॉज होत नाही

राक्षस मोठा म्हणून गेम अवघड, असं ज्याला वाटतं त्यानं सांगलीत, भरल्या घरात, भर दुपारी ‘एल्डन रिंग’ खेळून बघावा. राक्षस परवडतो.

२०२२ साली आलेला हा गेम आपला आपणच सेव्ह होत राहतो. वाटतं, केवढी सोय! पण मागचा सेव्ह उघडून झालेलं निस्तरायची सोय नाही. केलं ते भोगायचं. मेलात की जमवलेले सगळे रून्स (म्हणजे गेममधली कमाई) जागेवर सांडतात आणि ते गोळा करायला जाताना वाटेत परत मेलात, तर कायमचे बुडाले. पॉजचं बटण नाहीच. मेन्यू उघडून बसलात तरी समोरचा मारतच राहतो.

नेमकी तेव्हाच स्वयंपाकघरातून हाक येते. “भडंगाला चुरमुरे संपलेत. ते थांबव आणि मारुती चौकातनं घेऊन ये.”

“थांबत नाही गं हे.”

“एकटाच खेळतोयस ना? मग थांबायला कुणाला विचारायचं असतंय?”

बिनतोड. एवढ्यात मी मेलेलोही असतो.

त्यापेक्षा २०१५ चा ‘विचर ३’ माणसात बसणारा. सोप्या-अवघडाच्या चार पातळ्या, मधेच बदलता येतात आणि मारामारी चालू नसेल तर हवं तिथं सेव्ह. मी सर्वांत सोपी पातळी घेतो. पुण्याचा मावसभाऊ त्यावरून हसतो; हसू दे. आम्ही कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरचे पुराचे आकडे बघत वाढलेली माणसं. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, एवढं आधी कळलं की माणूस निदान सामान माळ्यावर टाकतो. ‘एल्डन रिंग’मध्ये पातळी निवडायचा प्रश्नच नाही, थेट घरात पाणी.

पण घरात खरा घोळ घातला तो २०१८ च्या ‘किंगडम कम’नं. काळ १४०३, देश बोहेमिया. मनाला येईल तेव्हा सेव्ह करायचं तर एक विशिष्ट दारू प्यावी लागते. जास्त झाली तर गडी झिंगतो. नाहीतर आपल्या अंथरुणात जाऊन झोपायचं, की सेव्ह. (गेम बंद करताना सेव्ह व्हायची सोय नंतरच्या अपडेटमध्ये आली.)

मी मित्राला फोनवर एवढंच म्हणालो, “दोनच बाटल्या उरल्यात. त्या संपल्या की गुमान घरी जाऊन झोपावं लागणार.” झोपाळ्याची करकर थांबली. बाबांनी पेपर खाली घेतला.

मग त्यांना बसवून सगळं समजावलं. दारू कशी गाळायची, ती प्यायल्यावर सेव्ह कसा होतो, पुढं काही बिघडलं तर मागं कसं येता येतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे आधी प्यायची, मग काय वाटेल तो राडा घालायचा आणि नंतर काही झालंच नव्हतं असं म्हणायचं?”

“हो, साधारण तसंच.”

“मग आपल्या गल्लीतली निम्मी माणसं हेच करतात की. त्याला कॉम्प्युटर कशाला लागतोय?”