चटणीच्या आठवड्यातला बॉण्ड

पैज लागली साताऱ्यात, भोगली सांगलीत.

मेहुण्याच्या घरी रात्रीचं जेवण आटोपून आम्ही दोघं गच्चीत बडीशेप चघळत बसलो होतो. समोर अंधारात अजिंक्यतारा, खालच्या खोलीत टीव्हीवर जेम्स बॉण्ड. चित्र दिसत नव्हतं, नुसता आवाज वर येत होता. मी सहज बोलून गेलो, "हा काही बॅरी नव्हे, हा अर्नोल्ड." दोघेही बॉण्डपटांचे संगीतकार. तीस वर्षांची खोड आहे माझी. लोक पानावरून आंबा ओळखतात, मी पाठलागाच्या संगीतावरून बॉण्डपट ओळखतो. आजवर या विद्येची कुणी कदर केलेली नाही. मेहुण्यानंही केली नाही.

"दाजी, पंचवीस सिनेमे झाले, सगळ्यात तेच. डुंग डिगिडिग डुंग डुंग. रबरी शिक्का नुसता. नवीन कागद आला की हाणला."

मला मिरच्या झोंबल्या. (त्या महिन्यातल्या या पहिल्या मिरच्या. पुढच्यांचा हिशेब पुढे येईल.) मी म्हणालो, पंचवीसच्या पंचवीस सिनेमांच्या संगीताला नंबर लावून दाखवतो, कारणासहित. मेहुण्यानं लगेच हात पुढे केला. येत्या शनिवारी रात्री बाराच्या आत यादी मोबाइलवर पोहोचली तर त्याच्याकडून दोन किलो कंदी पेढे. नाही पोहोचली तर माझ्याकडून पाच किलो भडंग. वर शहाणपणानं मीच एक अट घातली : शीर्षकगीतं धरायची नाहीत, फक्त पार्श्वसंगीत. 'स्कायफॉल'पासून लागोपाठ तीन बॉण्डपटांच्या गाण्यांना ऑस्कर मिळालं; गाणी कुणीही ओळखतो, त्यात माझी मर्दुमकी काय?

सांगलीत उतरलो आणि घराच्या दारातच शिंकलो. तेव्हा आठवलं. मे महिन्याचा दुसरा आठवडा. वर्षाची चटणी.

ज्यांच्या घरी चटणी पाकिटातून येते त्यांना हे कळणार नाही. आमच्याकडे चटणी हा पदार्थ नसून हंगाम आहे. शिराळ्याहून सासूबाई येतात. गच्चीवर ब्याडगी आणि जवारी मिरच्यांची लाल वाळवणं पडतात. मग देठ काढा, लसूण सोला, कांदा चिरून वाळवा, खोबरं किसा, धणे-तीळ भाजा, मिरची तेलात परता. या शेवटच्या कामाला आमच्या घरासकट अख्खी गल्ली शिंकते. मग सगळं डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीवर, न्यायचं, रांगेत बसायचं, समोर उभं राहून कुटून आणायचं. नजर हटली की आपल्या चटणीत दुसऱ्याचं मीठ. या आठवड्यात घरातल्या पुरुषाला स्वतःचं मत नसतं. आणि मला तर पंचवीस मतं द्यायची होती.

एकेका सिनेमाचं संगीत पाऊण तास ते तासभर. म्हणजे वीस तासांच्या वर नुसतं ऐकणं. मी तडजोड काढली : कानात हेडफोन, हातात मिरच्यांची देठं. हिला पटलं. "बसा. निदान बोलणार तरी नाही."

सुरुवात 'गोल्डफिंगर'पासून केली, १९६४. जॉन बॅरी. या माणसानं अकरा बॉण्डपटांना संगीत दिलं. पुढे त्याला पाच ऑस्कर मिळाली, पण बॉण्डसाठी एकही नाही, ही त्या पुरस्कारांचीच नामुष्की म्हणायची. 'गोल्डफिंगर'ची तबकडी १९६५ साली अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेली होती. आणि त्यातलं पितळ! आमच्याकडच्या लग्नाच्या बँडला कुणी शिस्त लावली, पगार वेळेवर दिला आणि नवरदेवाच्या मित्रांना लांब ठेवलं, तर तो असा वाजेल. ऐकता ऐकता माझे कान तापले. अक्षरशः. दोन्ही पाळ्या जळायला लागल्या, डोळ्यांत पाणी आलं. मी भारावून वहीत लिहिलं : "अंगाची आग करणारं संगीत. दहापैकी दहा."

मग हेडफोन सरळ करायला हात नेला आणि आग वाढली. तेव्हा समजलं, मी दर दहा मिनिटांनी जवारी मिरचीच्या हातानं कान चाचपत होतो. ही म्हणाली, खोबरेल लावा. सासूबाई म्हणाल्या, तूप लावा. दोन्ही लावलं. दुसऱ्या दिवशी थंड कानांनी तेच संगीत पुन्हा ऐकलं तर दहापैकी नऊ झाले. एक गुण मिरचीचा होता.

इथून माझा स्वतःवरचा विश्वास उडाला. 'मूनरेकर'चे संथ, लांब सूर मला फार गोड वाटले. पण ते मी दुपारी पंख्याखाली, पन्हं पिऊन, लसूण सोलताना ऐकले होते. मायकेल केमेनचं 'लायसन्स टू किल' कंटाळवाणं वाटलं, पण तेव्हा मी कांदा चिरत होतो, आणि कांदा चिरताना कुणाचंच संगीत उभं राहत नाही. 'लिव्ह अँड लेट डाय' हे बीटल्सच्या तबकड्या घडवणाऱ्या जॉर्ज मार्टिनचं काम. त्याच्या मध्यावर खाली भंगारवाला आला. त्याची आरोळी बरोबर समेवर पडली, आणि आजतागायत तो तुकडा त्या आरोळीशिवाय मला अपुरा वाटतो.

न्याय फक्त एकदाच शंभर टक्के झाला. डंकावर रांगेत बसून मी १९९५ चं 'गोल्डनआय' ऐकलं. एरिक सेरा नावाच्या फ्रेंच माणसानं त्यात यंत्रं, पत्रे, ठोके असा काहीतरी लोहारकामाचा प्रयोग केला आहे. पाच मिनिटांनी मी हेडफोन काढला, तरी फरक पडला नाही. पुन्हा घातला. तोच आवाज. शेवटी ठरवलं की दोघांत डंक जास्त सुरात आहे. निर्मात्यांचंही थोडंफार असंच झालं असावं, कारण सेंट पीटर्सबर्गमधल्या रणगाड्याच्या पाठलागाला त्यांनी जॉन ऑल्टमनकडून वेगळं संगीत करून घेतलं. सगळा स्वयंपाक एकीनं करावा आणि आमटी मात्र शेजारणीकडून यावी, तसं. 'गोल्डनआय' पंचविसावं. डंकाला यादीत जागा असती तर चोविसावा.

सासूबाईंना वाटे, जावई कानात काहीतरी औषध घालून बसलाय. गुरुवारी म्हणाल्या, "जावईबापू, काय ऐकालाय मगापासनं? आमाला बी ऐकवा." मी विचार करून 'ऑक्टोपसी'तला प्रसंग लावला. १९८३ चा सिनेमा, उदयपूर. टेनिसपटू विजय अमृतराज गारुडी होऊन बसलेला असतो आणि बॉण्डला खूण पटावी म्हणून पुंगीवर बॉण्डचीच धून वाजवतो. आता सासूबाई बत्तीस शिराळ्याच्या. एके काळी नागपंचमीला दारात आलेल्या जिवंत नागाला ओवाळलेलं त्यांनी. त्यांच्यापुढे पुंगी लावणं म्हणजे पंढरपुरात कीर्तन शिकवायला जाण्यासारखं. त्यांनी शांतपणे बघितलं.

"आमी नागाला लाह्या-दूध दाखवताव. ह्ये मेले त्याला विंग्रजी गाणं ऐकवालेत."

'ऑक्टोपसी' तीन नंबर खाली गेला. घरात राहायचं होतं मला.

हिचं मत मात्र मला न मागता मिळालं आणि सगळ्यात उपयोगी पडलं. २००६ च्या 'कॅसिनो रोयाल'मध्ये डेव्हिड अर्नोल्ड ती प्रसिद्ध धून सिनेमाभर नुसती हुंगायला देतो. चार सूर इथे, दोन सूर तिथे. पूर्ण वाजते ती अगदी शेवटी, नायक स्वतःचं नाव सांगतो तेव्हा. मी हे फार मोठं रहस्य उलगडल्यासारखं हिला सांगितलं. ती कढईतला तीळ हलवत म्हणाली, "मग? नैवेद्याआधी कोण वाढतं?" वहीत मी या विषयावर दीड पान लिहिलं होतं. ते फाडलं आणि हिचं एक वाक्य ठेवलं.

शुक्रवारी मिरजेचा दोस्त आला. तंबोरे-सतारी करणाऱ्यांच्या घरातला, हात त्याच कामात मुरलेले. दरवर्षी आमच्या चटणीतली एक किलो त्याच्या घरी जाते आणि त्याच्याकडून ईदला शिरखुर्मा येतो. मला हायसं वाटलं. निदान एक तरी कान असा, जो मिरचीवर चालत नाही. त्याला १९६२ च्या 'डॉक्टर नो'मधली मूळ धून ऐकवली. व्हिक फ्लिकची ती गिटार, खर्जातली, करकरीत. डोळे मिटून त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "जवारी चांगली आहे."

सतारीच्या घोडीचा वरचा भाग कानसेनं असा घासतात की तार तिला जाता जाता चाटून जाते आणि सुराला झणकार येतो. ती जवारी. खुली ठेवली तर आवाज पसरतो, बंद केली तर गोल होतो. मिरजेत सुराला नाव ठेवायचं तर लोक जवारीला नाव ठेवतात. हे मला ठाऊक. सासूबाईंना नाही. त्या आतून ताडकन म्हणाल्या, "चांगली असणारच की! मी निवडून आणलीया."

"जवारीवरच सगळं आहे, मावशी."

"मग काय तर! आता लोक ती संकरित घेत्यात. दिसायला लालभडक, आत काय बी न्हाई."

"बरोबर बोललात. घाई झाली की जवारी बिघडते."

"उन्हात नीट बसाय पाहिजे ती."

"बसायलाच पाहिजे. नाही बसली तर कर्कश होते."

"घशाला लागती!"

"कानाला लागते, मावशी."

"आमच्या जावईबापूंच्या कानाला परवाच लागली."

पाच-सात मिनिटं हे चाललं. दोन वेगळ्या जवाऱ्यांबद्दल दोन माणसांचं इतकं एकमत मी कुठल्याही संमेलनात पाहिलेलं नाही. मी मधे पडलो नाही.

मग दोस्ताला मी त्या धुनेची जन्मकथा सांगितली. कागदोपत्री ती माँटी नॉर्मनची. त्रिनिदादमधल्या भारतीय माणसांवर व्ही. एस. नायपॉल यांची 'अ हाऊस फॉर मिस्टर बिस्वास' ही कादंबरी १९६१ मध्ये आली. तिच्यावरच्या संगीत नाटकासाठी नॉर्मननं हिंदुस्थानी वळणाची एक चाल बांधली होती. नाटक बारगळलं, चाल उरली. ती बॉण्डला दिली, आणि बॅरीनं वाद्यवृंदासाठी रचून तिला आजचा ताव आणला. पुढे चाल कुणाची यावरून भावकीत होतो तसा वाद. एका इंग्रजी वर्तमानपत्रानं बॅरीच्या बाजूनं लिहिलं, नॉर्मननं बदनामीचा दावा लावला आणि २००१ मध्ये जिंकला. तीस हजार पौंड मिळाले. सातबाऱ्यावर नाव नॉर्मनचं, कसणारा बॅरी. आपल्याकडे असता तर कूळ कायद्यानं बॅरीला अर्धी धून तरी मिळाली असती.

"आणि मूळ गाण्याचे शब्द काय होते ठाऊक आहे?" मी म्हणालो. "आपण जन्मलो तेच एक अपशकुनी शिंक घेऊन, असं त्यात तो माणूस म्हणतो."

दोस्त हसला. सासूबाई हसल्या नाहीत. "शिंकंतनं जल्मल्यालं गाणं? आन् ते तुमी चटणीच्या घरात वाजवालाय?"

संध्याकाळी चटणी पोहोचवायच्या निमित्तानं मिरजेला गेलो. सतारमेकर गल्लीत त्याच्या दुकानात, अजून पॉलिश न झालेल्या एका सतारीवर त्यानं ती धून हळूच काढून पाहिली. ती जी बसली म्हणता! साठ वर्षं सूट घालून हिंडणारा माणूस एकदम घरी येऊन लुंगी लावून बसावा, तशी. मी यादी विसरून चहा थंड केला.

शनिवार. चटणी कुटून आली होती, चिनीमातीच्या बरण्या भरणं चालू होतं. मी वही घेऊन बसलो. पहिला नंबर 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस', १९६९. यात माझी डगमग कधीच नव्हती. एकच बॉण्डपट करून गेलेल्या जॉर्ज लेझनबीच्या वाट्याला बॅरीनं आपलं सगळ्यात उत्तम काम दिलं. सुरुवातीला गाणं नाही, नुसती धून, तिच्याखाली त्या काळी नवा असलेला 'मूग' कंपनीचा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर काढणारं यंत्र, गुरगुरतो. हान्स झिमरनं २०२१ च्या 'नो टाइम टू डाय'मध्ये याच सिनेमातले सूर परत आणले. धाकट्यानं थोरल्याचा कोट चढवावा तसे, आणि बसलाय कोट बरा. दुसरं 'गोल्डफिंगर', मिरची वजा करून. तिसरं 'द लिव्हिंग डेलाइट्स', बॅरीचं शेवटचं. त्यात वाद्यवृंदापुढे छडी हलवताना तो स्वतःच दिसतो. चौथं 'कॅसिनो रोयाल', नैवेद्यासह. मधल्या नंबरांत थोडी अफरातफर झाली. 'द स्पाय हू लव्ह्ड मी'मधल्या मार्विन हॅमलिशच्या डिस्कोला मी अकरावं ठेवलं होतं, ते ही नाचत बरणी पुसत होती म्हणून सातवं केलं. पावणेबाराला यादी टाइप झाली. अंगठा बटणावर नेला.

सासूबाई शिंकल्या.

"थांबा!" हात वर. "शिंक आली. पाठवू नका. पाणी प्या, बसा."

"अहो, आठवडाभर अख्खं घर शिंकतंय!"

"ती मिरचीची. ही कामाच्या वक्ताला आली. त्यात त्ये शिंकंचं गाणं. दुसरी शिंक आली म्हंजे मोडतंय. दुसरी येऊंद्या."

मी पाणी प्यालो. बसलो. आम्ही तिघं दुसऱ्या शिंकेची वाट बघायला लागलो. आठ दिवस या घरात मिनिटाला तीन शिंका पडत होत्या. आता एकाच्याही नाकात हालचाल नाही. हिनं बरणीचं झाकण उघडून माझ्या नाकाखाली धरलं. सुगंध आला. वर्षाची चटणी इतकी सुंदर कधी जमली नव्हती, असं मी म्हणालोही. मी पंख्याखाली गेलो, दिव्याकडे टक लावून पाहिलं, वातीचं टोक नाकात घालून पाहिलं. सासूबाईंनी तपकिरीची डबी शोधली, ती शिराळ्यालाच राहिली होती. भिंतीवरचं घड्याळ बाराचे टोले देऊन मोकळं झालं.

बारा वाजून दोन मिनिटांनी मी शिंकलो.

"आता पाठवा," सासूबाई म्हणाल्या.

मोबाइल हातात घेतला तर मेहुण्याचा निरोप आधीच येऊन पडला होता. "दाजी, भडंगात लसूण जरा जास्त घाला. आणि आईकडून नवीन चटणी पण पाठवा, जवारीची."