रॅकेट हातात, मार्कशीट कचऱ्यात?

"अमेरिकेत खेळाडूला मार्क लागत नाहीत. कोचने नाव दिलं की ॲडमिशन पक्की. नववी-दहावी, क्लास, बोर्ड यांत पोरांची वर्षं वाया घालवू नका." असा सुरू होणारा एक लांबलचक मेसेज सध्या पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. परवा तो माझ्या मामेबहिणीकडून आला. तिची लेक नववीत आहे, टेनिस बरं खेळते. मेसेजखाली बहिणीने विचारलं होतं, "गणिताचा क्लास बंद करू का रे मग?" नाही गं बाई, अजिबात नको.

आधी याच मुद्द्याचा निकाल लावतो, कारण मेसेजमधल्या बाकीच्या थापा पैसे खातील, ही थाप वर्षं खाईल. तिथल्या बहुतेक मोठ्या कॉलेजांच्या खेळांचे नियम एनसीएए ठरवते. तिच्या डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात, खेळायचं तर शाळेतले 16 मुख्य कोर्स पूर्ण असावे लागतात. इंग्रजीचे चार, गणिताचे तीन, विज्ञानाचे दोन, शिवाय इतर. त्यांची सरासरी 4 पैकी किमान 2.3. ही मोजणी नववीपासून सुरू होते, परदेशी मुलांचीही. 16 पैकी 10 कोर्स शाळेचं शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या आत उरकलेले हवेत, त्यामुळे "बारावीला जोर लावू" हे चालत नाही. मेसेज जी दोन वर्षं विसरायला सांगतो, ती तिथे पहिल्या दिवसापासून हिशोबात असतात. आणि 2.3 ही नुसती मैदानात उतरायची परवानगी. प्रवेश द्यायचा की नाही, हे कॉलेज स्वतःच्या निकषांवर ठरवतं.

"कोचने नाव दिलं की झालं" यात अर्धं सत्य आहे. कबूल करायला जिवावर येतंय, पण आहे. हार्वर्डवरच्या प्रवेश-खटल्यात तिथली आतली आकडेवारी कोर्टापुढे आली. अर्थशास्त्रज्ञ पीटर आर्सिडियाकोनो यांनी (ते खटला भरणाऱ्यांच्या बाजूचे तज्ज्ञ होते) सहकाऱ्यांसोबत तिच्यावर अभ्यास केला. कोचने निवडलेल्या खेळाडूंपैकी 86 टक्क्यांना प्रवेश मिळाला होता. अर्जदारांत हे खेळाडू एक टक्क्याहूनही कमी, प्रवेश मिळालेल्यांत दहा टक्क्यांच्या वर. ढळढळीत सवलत आहे. कमी मार्कांवर घेतात का? घेतात.

पण हे 86 टक्के कोणातले, ते बघा. कोच शब्द देण्याआधी मुलाचे मार्क ॲडमिशन ऑफिसकडून तपासून घेतो. तिथून "जमणार नाही" आलं की तो दुसऱ्या पोराला फोन लावतो, आणि पहिलं पोर या आकडेवारीत दिसतच नाही. हार्वर्ड ज्या आयव्ही लीगमध्ये, म्हणजे आठ नामांकित विद्यापीठांच्या गटात आहे, तिथे तर 'ॲकॅडेमिक इंडेक्स' नावाचं गणितच आहे. निवडलेल्या खेळाडूंची अभ्यासातली सरासरी बाकी विद्यार्थ्यांच्या सरासरीपासून फार खाली जाऊ द्यायची नाही. अभ्यासात कच्चा पण तुफान खेळणारा एक घ्यायचा, तर त्याची भरपाई करणारा हुशार खेळाडूही कोचलाच शोधावा लागतो. म्हणजे खेळ बरा आणि मार्क सोडून दिलेले, अशा मुलीसाठी कोणता कोच भांडणार आहे?

"हार्वर्ड-येलची शंभर टक्के स्पोर्ट्स स्कॉलरशिप." अशी स्कॉलरशिपच नाही. आयव्ही लीगच्या 1954 च्या करारातच तिला मनाई आहे. तिथे मदत मिळते ती घरची आर्थिक परिस्थिती बघून. इतर कॉलेजांत स्पोर्ट्स स्कॉलरशिप असते, पण एनसीएए स्वतःच सांगते की तिथल्या हायस्कूल खेळाडूंपैकी जेमतेम 2 टक्क्यांना ती मिळते, आणि त्यातही अनेकांना अर्धीमुर्धी.

"एसएटी बंद झाली." एसएटी म्हणजे तिथल्या कॉलेज-प्रवेशाची परीक्षा. खेळाच्या पात्रतेसाठीची तिची अट एनसीएएने जानेवारी 2023 मध्ये काढली, खरं. हार्वर्डने मात्र 2024 मध्ये प्रवेशासाठी परीक्षा पुन्हा सक्तीची केली.

"क्रिकेटही चालतं." एनसीएएच्या खेळांत क्रिकेट नाही. पुढे.

"खेळाडूंना पगार मिळतो." 2025 च्या कोर्टातल्या समझोत्यानंतर काही कॉलेजं थेट पैसे देतात, त्यातले बहुतेक अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलवाल्यांच्या खिशात जातात. आयव्ही लीगने यात पडायचं नाकारलं, आणि विद्यार्थी व्हिसावर कमाईची बंधनं असतात ती वेगळीच.

मेसेजच्या शेवटी एक नंबर आहे: "प्रोफाइल आम्ही तयार करून देऊ." अमेरिकेतला ॲडमिशन सल्लागार रिक सिंगरही प्रोफाइल तयार करून द्यायचा. जो खेळ मुलं खेळतच नव्हती त्याचे खोटे दाखले आणि फोटो जोडायचे, कोचला पैसे चारायचे, आणि पोरगं 'खेळाडू' म्हणून आत. 2019 मध्ये हे बाहेर आलं. पालक आणि कोच तुरुंगात गेले, सिंगरला 2023 मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली, काही मुलांचे प्रवेशही रद्द झाले. 'प्रोफाइल' म्हणजे नक्की काय काय बनवून देणार, हे त्या नंबरवाल्याने फी सांगायच्या आधी सांगावं.