आईची दोनची धडधड आणि तो मेसेज

गेल्या महिन्याभरात तोच मेसेज मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून आला. त्यात चार विधानं आहेत. एक, पेसमेकर आत काम करतोय हे माणसाला कधीच कळत नाही, त्यामुळे रात्री छातीत किंवा गळ्यात काही जाणवलं तर ती मनातली भीती समजावी. दोन, तरीही रोज जाणवत असेल तर बॅटरी संपत आली आहे. तीन, नाहीतर उशाशी मोबाईल असणार. चार, यावर काही करता येत नाही, मशीनचं सेटिंग बदलणं जिवावर बेतू शकतं.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण यातलं पहिलं वाक्य आम्ही घरात आईला सात महिने ऐकवलं, आणि ते चूक होतं.

आईला ७१व्या वर्षी दोन वायरींचा पेसमेकर बसला. जखम भरली, चालणं-फिरणं सुरू झालं, आणि मग रात्री दोनच्या सुमाराला तिला जाग यायला लागली. "गळ्यात आतून कुणीतरी टिचक्या मारतंय," असं ती सांगायची. मिनिटभरात सगळं शांत. तपासणीला गेलो की उत्तर एकच, मशीन उत्तम चाललंय. मग मीच तिला म्हणायचो, "आई, तू फार विचार करतेस." तिने वाद घातला नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला ती पेन्सिलीने वेळ लिहायला लागली. २:०३. २:०३. २:०४. मधे दोन दिवस रेघ, म्हणजे झोप लागली होती. परत २:०४.

भीती अशी मिनिटाच्या हिशेबाने येत नाही, हे मला तो कागद बघूनही सुचलं नाही. सुचलं ते ती धाकट्या भावाकडे न्यू जर्सीला गेली तेव्हा. तिकडे रात्रीची जाग थांबली. चौथ्या दिवशी तिचा फोन आला: "अरे, आता ते दुपारी चहाच्या वेळेला होतंय. साडेचारला." उन्हाळ्यात न्यू जर्सीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. तिथले दुपारचे साडेचार म्हणजे इथले रात्रीचे दोन. आई अमेरिकेत पोचली होती, पण तिच्या छातीतलं घड्याळ पुण्याच्याच वेळेवर चाललं होतं.

ते घड्याळ खरंच असतं. आजचे बरेच पेसमेकर ठरलेल्या वेळी स्वतःची तपासणी करतात. त्यातली जाणवू शकणारी तपासणी म्हणजे थ्रेशोल्ड टेस्ट: हृदयाचा ठोका पडायला कमीत कमी किती व्होल्ट पुरतात, हे मशीन शोधतं. त्यासाठी ते विजेचा स्पंद टप्प्याटप्प्याने कमी करत जातं. ठोका चुकला की लगेच पाठोपाठ मोठा स्पंद देतं, म्हणून माणसाला धोका होत नाही. पण चाचणी चालू असताना हृदयाचा स्वतःचा ठोका मधे येऊ नये म्हणून मशीन वरच्या आणि खालच्या कप्प्याच्या ठोक्यांमधलं वेळेचं अंतर मुद्दाम कमी करतं, काही वेळा ठोक्यांचा वेगही थोडा वाढवतं. अंतर कमी झालं की वरचा कप्पा आकुंचन पावतो तेव्हा मधली झडप आधीच मिटलेली असू शकते. रक्ताला पुढे वाट नसते, ते मागे मानेच्या शिरांत ढकललं जातं. आईच्या टिचक्या त्या ह्याच. काहींना पाठोपाठच्या मोठ्या स्पंदाने छातीचा स्नायू किंवा श्वासपटल उडाल्यासारखं होतं, उचकी यावी तसं. डाव्या कुशीवर झोपलेल्याला हे सगळं जास्त कळतं. पुष्कळांना यातलं काहीच कळत नाही, हेही खरं. म्हणून ज्यांना कळतं त्यांचं खोटं ठरत नाही.

वेळ रोज तीच असेल असंही नाही. ॲबट कंपनीच्या ऑटोकॅप्चर पद्धतीत हा शोध दर आठ तासांनी चालू शकतो. बॉस्टन सायंटिफिक कंपनीच्या यंत्रांत तो २१ तासांनी होतो, म्हणजे रोज तीन तास अलीकडे सरकतो. आज मध्यरात्री झालं आणि उद्या रात्री नऊला, तर माणसाला त्यात काही सूत्र दिसत नाही आणि घरचे म्हणतात, मनाचे खेळ. कागदावर आठवडाभर वेळा लिहिल्या की सूत्र दिसतं.

बॅटरीचं विधान तर उलटंच आहे. ही चाचणी आहे ती बॅटरी वाचवण्यासाठी. गरजेपुरतेच व्होल्ट वापरले की बॅटरी जास्त वर्षं टिकते. बॅटरी उतरत आली की मशीन बदलायची सूचना साधारण तीन महिने आधी नोंदवतं. त्या वेळी काही यंत्रं साध्या मोडवर जातात, आणि मग दमल्यासारखं किंवा धडधडल्यासारखं दिवसभर वाटू शकतं. रोज ठरल्या वेळी मिनिटभर आणि मग काहीच नाही, हे बॅटरीचं लक्षण नाही. त्याच मेसेजमध्ये याला ‘शॉक’ म्हटलंय, तेही सोडून द्या. पेसमेकरचा स्पंद काही मायक्रोज्यूलचा असतो. शॉक देणारं यंत्र वेगळं, आयसीडी, त्याचा झटका ३५-४० ज्यूलपर्यंत जातो. लाखो पटींचा फरक आहे.

मोबाईलबद्दल थोडं तथ्य आहे. फोनमधल्या चुंबकाने मशीन ठरावीक गतीवर जाऊ शकतं, म्हणून फोन आणि पेसमेकरमध्ये १५ सेंटिमीटर अंतर ठेवा, छातीवरच्या खिशात ठेवू नका. पण फोन जवळ असेल तोवरच तो परिणाम असतो. आईचा फोन रात्री दिवाणखान्यात चार्जिंगला असायचा.

चौथं विधान मला सगळ्यात जास्त टोचतं, कारण ते वाचून लोक विचारायचंच थांबतात. परत आल्यावर आम्ही तो कॅलेंडरचा कागद घेऊन गेलो. तंत्रज्ञ मुलीने तो नीट वाचला आणि म्हणाली, "काकू, मी आत्ता तीच टेस्ट हाताने चालवते. काही वाटलं तर हात वर करा." तिने प्रोग्रामरवर, म्हणजे पेसमेकरचं सेटिंग बदलायच्या बाहेरच्या यंत्रावर, चाचणी सुरू केली. काही सेकंदांत आईचा हात वर गेला आणि ती म्हणाली, "हेच! हेच ते!" सात महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर एवढं समाधान मी पाहिलं.

सेटिंग घरी बदलता येत नाही, आणि बदलूही नये. पण डॉक्टरांच्या सांगण्यावरून तंत्रज्ञ वेळ बदलू शकतात, दोन चाचण्यांमधला काळ वाढवू शकतात किंवा चाचणी बंदही करू शकतात. आईचा थ्रेशोल्ड सगळ्या नोंदींत स्थिर होता, म्हणून डॉक्टरांनी चाचणी बंद करून व्होल्ट सुरक्षित अंतर ठेवून, म्हणजे गरजेच्या दुप्पट, कायम केले. बॅटरीचा अंदाज थोडा कमी झाला, तो त्यांनी तिला दाखवला आणि तिने होकार दिला.

प्रत्येकाला हे चालणार नाही. वायर नवी असताना थ्रेशोल्ड वरखाली होतो, कुणाचा नंतरही स्थिर राहत नाही. अशांना चाचणी हवीच, त्यांनी वेळ बदलून मिळते का ते विचारावं. आणि चक्कर, शुद्ध हरपणं, धाप, थांबत नसलेल्या उचक्या, मशीनच्या जागेवर लाली किंवा सूज, यातलं काहीही असेल तर वेळ लिहीत बसू नका. पेसमेकरचं कार्ड घ्या आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.