मुलींचा विज्ञान-कला क्लब: फिरत्या संदेशातलं खरं किती

पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर सारखा पुढे ढकलला जातो. थोडक्यात म्हणणं असं: शाळा सुटल्यावरचे मुलींचे विज्ञान-कला क्लब म्हणजे महागड्या किटची हौस. मुलींना यंत्रांची आवड नसते, म्हणून कला मिसळून विषय गोड करावा लागतो. वर्गात मुलंमुली एकत्र शिकतात, मग वेगळा क्लब कशाला? आणि शाळेनंतर मुलींना थांबता येतंच कुठे? यातले पहिले तीन मुद्दे टिकत नाहीत. चौथ्यात तथ्य आहे.

आधी आवडीचं. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार २०२०-२१ मध्ये विज्ञान शाखेत ५७.२ लाख विद्यार्थी होते आणि त्यांत २९.५ लाख मुली, म्हणजे निम्म्याहून जास्त. अभियांत्रिकीच्या पदवीला मात्र मुली ३० टक्क्यांच्या आत. विज्ञान निवडणाऱ्या मुली यंत्रापाशी कमी होतात, त्याला नावड म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण वाट अडवलीही जाते: जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींना १९३३ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सने आधी प्रवेश नाकारला तो मुलगी म्हणून. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएचडी मिळवली.

‘कला म्हणजे गोडवा’ हा दावा सगळ्यात चुकीचा, म्हणून त्यावर जरा थांबू. आकाशकंदील घ्या. बांबूच्या चार सारख्या कामट्या दोऱ्याने बांधून चौकोन करा आणि एक कोपरा ढकला. चौकोन लगेच कलंडतो. कर्णावर पाचवी कामटी बांधली की हलायचा थांबतो, कारण त्रिकोणाच्या तिन्ही बाजू ठरल्या की कोन बदलू शकत नाहीत. पुलाच्या कैचीतही, म्हणजे तिरप्या पट्ट्यांच्या सांगाड्यातही, हेच असतं. मग पतंगाचा कागद. खळ पातळ झाली तर कागद भिजून फुगतो, वाळताना आक्रसतो आणि चौकट वाकडी ओढतो किंवा फाटतो. खळ दाट हवी, तीही फक्त कामटीवर.

आत दिवे लावताना खरी गंमत. पेन्सिल सेल तीन, म्हणजे ४.५ व्होल्ट. एक लाल एलईडी, एक पांढरा. लांब पाय धन बाजूला. बहुतेक मुली दोन्ही एलईडी समांतर जोडून एकच रेझिस्टर (प्रवाह आवरणारा रोधक) लावतात. लाल लागतो, पांढरा अंधारात. ‘एलईडी खराब आहे’ म्हणून तो बदलतात, तरी तेच. लालला सुमारे २ व्होल्ट पुरतात, पांढऱ्याला ३ च्या आसपास लागतात. लाल पेटला की दोघांवरचा विजेचा दाब २ व्होल्टच्या जवळ अडकतो आणि पांढऱ्याला पुरत नाही. उपाय: प्रत्येकाला स्वतःचा १५० ओहमचा रेझिस्टर. लालमधून (४.५ − २) ÷ १५० म्हणजे साधारण १७ मिलिॲम्पिअर, पांढऱ्यातून १०. साध्या ५ मिलिमीटर एलईडीची २० ची मर्यादा दोघंही पाळतात. कंदिलात रंग कुठला कुठे दिसावा, हे ठरवताना मुलगी ओहमच्या नियमापर्यंत पोचते. याला पातळ केलेलं विज्ञान कसं म्हणायचं?

खर्चाचं उत्तर मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळतं. तिथे इनॅमलची (वीज अडवणारा पातळ लेप असलेली) तांब्याची तार वजनावर मिळते. छोटी मोटार करायला २४ गेजची सव्वा मीटर तार मोठ्या सेलवर दहा वेढे गुंडाळा, ही कॉइल सेलवरून सरकवून काढा आणि तिची दोन टोकं समोरासमोर बाहेर काढा. दोन सेफ्टी पिना सेलच्या टोकांना रबराने बांधा, त्यांच्या भोकांत कॉइलची टोकं टेकवायची आणि कॉइलच्या खाली, सेलवर, चकतीचं चुंबक. एका टोकाचं इनॅमल पॉलिश पेपरने सगळीकडून खरवडा. दुसऱ्याचं मात्र, कॉइल उभी धरून, फक्त वरचं अर्धं. दोन्ही पूर्ण खरवडली तर कॉइल नुसती डुलते: अर्ध्या फेरीनंतर ढकलणारा जोर उलटा होतो. अर्धं इनॅमल त्या वेळी प्रवाह तोडतं. पंधरा-वीस सेकंदांत कॉइल उचला, नाहीतर सेल तापतो. पुण्यात अरविंद गुप्तांनी अशी टाकाऊतली खेळणी वर्षानुवर्षं करून दाखवली आहेत. किटची पेटी नसली तरी अडत नाही. पैसे मल्टिमीटरवर (व्होल्ट आणि प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर) घाला, तीन जोड्यांत एक.

वेगळा क्लब का? चार जणांत एकच पेचकस दिला की तो बहुधा मुलाच्या हातात जातो आणि वही मुलीच्या. पण नुसत्या मुली बसवून हे आपोआप सुटत नाही, तिथेही धिटुकली मुलगी अवजार अडवते. म्हणून दोघींत एक संच, दर दहा मिनिटांनी पेचकस आणि वही यांची अदलाबदल, आणि क्लब घेणाऱ्या ताईंनी मुलीच्या हातातलं काम ओढून ‘असं कर’ म्हणायचं नाही. तार चुकली तर मल्टिमीटर तिच्याच हाती द्यायचा.

आता चौथा मुद्दा. गावाकडे शेवटची एसटी गेली की मुलगी अडकते, हे खरंच आहे. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस १२५ तालुक्यांत मुलींची शाळेला ने-आण करतात, पण त्या शाळेच्या वेळेला बांधलेल्या. संध्याकाळी पाचचा क्लब तिथे पहिल्या महिन्यातच ओस पडेल. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर दीड तास घ्यावा, आणि सामान विकत आणण्याआधी आगारात जाऊन शनिवारच्या परतीच्या फेरीची वेळ मुख्याध्यापकांच्या पत्राने पक्की करून घ्यावी.